आवाज लहान, रंग तोच



वॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प मोठा केल्याशिवाय रंगत नाही. पण हिंडलग्यात रात्री रेकॉर्डिंग करायचं, तर शेजाऱ्यांच्या झोपेचं काय? निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल.

म्हणून आम्ही अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर जोडतो. तो जादा शक्तीची उष्णता करतो. ओहम मात्र जुळलेच पाहिजेत, ८ ला ८. नाहीतर अ‍ॅम्पला धोका. शक्ती निम्मी केली तरी फक्त ३ डेसिबल उतरतात, म्हणून बरंच खाली यावं लागतं.

एकदा आम्ही फसलो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी लागतो, म्हणून बास वाढवला. सकाळी मोठ्यानं ऐकलं, तर नुसती घुमघुम! तेव्हापासून बास रेकॉर्डिंग ऐकूनच ठरवतो.

सूर आपला, झोप शेजाऱ्याची, दोन्ही सांभाळूया.

गणपती बाप्पा मोरया!