कमी गुणक्रमांक आणि महाविद्यालयाची निवड



प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की वस्तीतील एखाद्या घरी त्या रात्री चूल पेटत नाही. मुलाचा क्रमांक खाली गेला, आता अभियांत्रिकी संपली, असे वडील म्हणतात. आणि लवकरच कोणी मध्यस्थ देणगीच्या जागेचा निरोप घेऊन दारात उभा राहतो. त्यास प्रथम परत पाठवा. व्यवस्थापनाच्या वाट्याची जागा घेतली, तर शासनाची शिष्यवृत्ती वा शुल्कमाफी मिळत नाही. ती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून गेलेल्यांसाठी आहे. पैसे भरून आपणच आपला हक्क सोडतो!

राज्याचा सीईटी कक्ष मागील वर्षी प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक शाखेत शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, ते प्रवर्गवार प्रसिद्ध करतो. त्यातील अनुसूचित जातीचा रकाना वाचा. संगणक शाखेस जे गुण अपुरे पडतात, ते स्थापत्य शाखेस पुष्कळदा पुरतात. माझ्या मते, अनोळखी खाजगी संस्थेतील नावाजलेल्या शाखेपेक्षा कऱ्हाड किंवा अमरावती येथील शासकीय महाविद्यालयातील कमी मागणीची शाखा बरी. खाजगी संस्था घ्यावीच लागली, तर त्याच शाखेस राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे का, हे विचारा. एका शाखेची मान्यता दुसरीस लागू होत नाही.

आता कागदपत्रे. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींस केंद्राच्या सवलती 1990 च्या कायद्याने मिळाल्या. म्हणून धम्म स्वीकारला तरी मूळ जातीचा पुरावा जपून ठेवणे भाग आहे. पडताळणी समिती 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे मागते. आजोबांच्या शाळेचा दाखला अकरावीतच शोधा. वैधता प्रमाणपत्र मुदतीत न मिळाल्यास राखीव जागा जाते, मग गुण कितीही असोत.

मुदत म्हणजे काय, ते 2024 साली दिसले. उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलास धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. 17,500 रुपये वेळेत भरता न आल्याने ती गेली. 30 सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 142 खाली त्यास प्रवेश देवविला. तथापि प्रत्येक घरास दिल्ली गाठता येत नाही. सबब जागास्वीकृतीचे शुल्क निकालाआधीच बाजूस काढून ठेवावे, आणि पसंतीक्रमात पहिले नाव तेच लिहावे, जेथे मुलगा वा मुलगी खरोखर जाणार आहे. कारण ते मिळताच पुढील फेऱ्या बंद होतात.