जाळी बसविल्यानंतर

हृदयांतून निघालेली महाधमनी कमानीसारखी वळून खालीं उतरते. कांहीं बालकांमध्यें, डाव्या हाताकडे जाणारी शाखा जेथें फुटते त्याच्या जवळच, ती जन्मतः आकुंचित असते. परिणामीं हातांतील रक्तदाब चढतो आणि पायांतील नाडी मंद लागते. स्टॉकहोम येथें क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनीं १९४४ सालीं हा अरुंद भाग कापून टोकें जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. १९९० नंतर जांघेंतील धमनीवाटे नळी घालून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची रीत रूढ होत गेली.

छाती उघडावी लागत नाहीं; तेव्हां दुखणें कायमचें गेलें, असें घरच्यांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. जाळी फुगवितांना धमनीच्या अस्तरास चीर जाऊं शकते, किंवा कालांतरानें तेथील भिंत फुग्यासारखी बाहेर येते. हा फुगा फुटला तर प्राणावर बेततें. वेळींच दिसला तर बहुधा आंतून आच्छादित जाळी बसवून रक्ताचा प्रवाह त्यापासून तोडतां येतो. तें न साधल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. मूल वाढतें, जाळी वाढत नाहीं. मग ती फुग्यानें पुन्हा रुंदावतात. मोडलेल्या जाळींत कधीं दुसरी बसवितात. जांघेंतील धमनींत गुठळी झाली तर पाय थंड व फिका पडतो. तेव्हां गुठळीवरील औषध तत्काळ सुरू करावें लागतें. शिवाय वाट मोकळी होऊनही रक्तदाब चढाच राहूं शकतो. त्यास नियमित औषध हवें.

मोठ्या शहरांत उपचार घेऊन करमाळ्यास वा अक्कलकोटास परतलेल्या कुटुंबास प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. परंतु उजव्या दंडाचा व पायाचा रक्तदाब ताडून पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. सोलापुरांत १९६३ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दंडाचा वरचा आंकडा पायापेक्षां २० मिलिमीटरहून अधिक भरला, तर हृदयतज्ज्ञांस दाखविलें पाहिजे. मात्र धमनीचा फुगा या मोजणींत दिसत नाहीं. त्यासाठीं तज्ज्ञ सांगतील त्या अंतरानें सीटी किंवा एमआरआय चित्रण चुकवूं नये. छातींत वा पाठींत अकस्मात् तीव्र कळ आली, खोकल्यांतून रक्त पडलें, तर क्षणाचाही विलंब नको. जाळी असलेल्या स्त्रीनें गर्भधारणेपूर्वींच तपासणी करून घ्यावी.

उपचाराचे कागद जपून ठेवावे. पुढें वीस वर्षांनीं नव्या डॉक्टरांस जाळीचें माप व बसविल्याची तारीख त्यांवरूनच कळेल.