धूर कुठून येतो ते आधी शोधा

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला. ओळखीच्या कुणाच्या तरी जिन्याखाली एखादी जुनी बजाज चेतक उभी असेलच. ती भंगारात देण्याआधी माझं थोडं ऐका.

१९७२ साली आलेल्या या स्कूटरचं इंजिन १४५ सीसीचं, टू-स्ट्रोक. यात क्रँककेस म्हणजे नुसती पेटी नव्हे. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे दाबलं जातं, मग सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून ती हवाबंद हवी. ते काम क्रँकच्या दोन बाजूंची दोन ऑइल सील करतात. क्लचकडचं सील गेलं, की गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढलं जाऊन जळतं आणि पांढरा धूर निघतो. मॅग्नेटकडचं गेलं, की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो.

आमच्या शेजारच्या काकूंना एका मेकॅनिकनं सांगितलं, "धूर येतोय, बोअर करा, पिस्टन बदला." त्या मला म्हणाल्या, "साहेब, यांची आठवण आहे हो. पण एवढा खर्च करू की विकून टाकू?" मी आधी पेट्रोलमध्ये टूटी ऑइल जास्त पडत नाही ना, ते पाहिलं. मग गिअर ऑइल तपासलं. पातळी उतरलेली, जमिनीवर मात्र एक ठिपका नाही. म्हणजे इंजिनच ते पीत होतं. बोअर करून हा धूर थांबला नसता.

हे सील बदलायला क्रँककेस उघडावी लागते. फौजेतली शिस्त इथे कामाला येते: काढलेला प्रत्येक नट क्रमाने फडक्यावर मांडा. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडी नको. क्रँककेसच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका; ओरखडा पडला तर तिथूनच हवा गळेल आणि नवं सील वाया जाईल. जोडताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगचं तोंड खोबणीतल्या खिळीवर. पिनचं लॉक नवंच घाला, आणि घालताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा.

काकूंची स्कूटर आता त्यांचा नातू चालवतो. तेव्हा मंडळी, कुणी "फुल इंजिन करा" म्हणालं, तर एवढंच विचारा: "गिअर ऑइल बघितलंत का?" जय हिंद.