राजधानी शेजारच्या राज्यात



रावेरच्या लोकांना बऱ्हाणपूर सांगायला उभं राहणं हा तसा आगाऊपणाच. लग्नाचा बस्ता असो, डोळ्यांचा डॉक्टर असो की मावा जिलबी, तुम्ही चोरवडचा नाका ओलांडून शनवाऱ्याला उतरता. रेल्वेने गेलात तर मध्ये एक वाघोडा स्टेशन, की आलंच बऱ्हाणपूर. ते शहर तुम्हाला पाठ आहे. माझी तक्रार वेगळी आहे. बाजार म्हणून पाठ असलेलं हे गाव आपली राजधानी होतं, ही गोष्ट आपल्या हिशेबातून गळाली आहे. खानदेशवरचं कुठलंही पुस्तक उघडा. थाळनेर असतं, पारोळ्याचा किल्ला असतो, फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन असतं, आणि रावेर तालुक्याच्या शिवेवर मजकूर संपतो. पाटील आहेत, वाडा मात्र पुढच्या गावात, असा हा प्रकार.

फारुकी सुलतानांनी सुमारे दोनशे वर्षं खानदेशवर राज्य केलं. त्यातल्या नासिरखानाने १४०० च्या आसपास तापीच्या काठी हे शहर वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हे त्याच परंपरेतल्या जैनुद्दीन शिराजींच्या नावाचं. दोघांच्याही कबरी खुलताबादला. म्हणजे शहर तापीवर, पण त्याचे पीर मराठवाड्यात. उत्तरेतून दख्खनेत उतरायची वाट असीरगडाच्या खिंडीतून येते आणि ती या शहराच्या दारात संपते. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला, फारुकी संपले, आणि पुढं मुघलांच्या दख्खन मोहिमांचा तळ इथंच पडत राहिला.

आता जुन्या शहरात शिरू. जामा मशीद ही राजे अलीखान फारुकीने बांधलेली, काळ्या दगडाची, दोन उंच मिनारांची. बहुतेक जण मिनार बघून परततात. आत शिलालेख आहे. एक अरबीत, आणि शेजारी चक्क संस्कृतात, देवनागरी अक्षरांत. सृष्टीकर्त्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ, मग काळ: संवत १६४६, शके १५११, पौष महिना, तिथी, वार, नक्षत्र. मशीद कधी झाली हे पंचांग लावून सांगितलं आहे. या गोष्टीवर भाषणबाजी पुष्कळ होते, ती मी करणार नाही. मला त्यात दरबारातला कारभार दिसतो. ज्यांच्यावर राज्य करायचं ती रयत शक मोजते हे राजाला ठाऊक होतं आणि ते दगडावर कोरून घेणारा कारकून त्याच्या पदरी होता. मिनारावर पुढं अकबराच्या विजयाचाही फारसी लेख आला. जिंकणाऱ्यालाही सही करायला हीच जागा सापडली.

किल्ला नदीला लागून आहे. तिथला हमाम, त्याच्या छतावरची रंगीत नक्षी, हे सगळे दाखवतात. मुमताजमहल १६३१ च्या जून महिन्यात याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली, जैनाबादच्या आहुखान्यात तिचं तात्पुरतं दफन झालं आणि डिसेंबरात पेटी आग्र्याला निघाली. ताजमहाल इथंच व्हायचा होता अशा कहाण्या गाइड लोक रंगवून सांगतात, सांगू देत. पण त्याच वर्षी दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ होता, माणसं वाटेवर मरत होती आणि शहाजहान बादशहाची छावणी तिथंच बसली होती, हे कुणी सांगत नाही. मिर्झाराजे जयसिंगही १६६७ मध्ये इथंच वारले. पुरंदरच्या तहानंतर अवघ्या दोन वर्षांनी. छत्रपती संभाजी महाराजांनी राज्य हाती येताच १६८१ च्या जानेवारीअखेर बऱ्हाणपूरवर झडप घातली, आणि बहादूरपुरा व आसपासचे श्रीमंत पुरे लुटले गेले. वर्ष संपायच्या आत औरंगजेब स्वतः इथं हजर. आज दिसणारा तट आणि वेशी त्याच्याही नंतरच्या, १७३१ च्या सुमाराच्या, निजामाच्या. शनवारा, इतवारा, बुधवारा ही नावं पुणेकराला ऐकवा, त्याला घरी आल्यासारखं वाटेल.

मग हे शहर आपल्यापासून तुटलं कधी? १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर ते पेशव्यांकडे आलं, पुढं शिंद्यांकडे गेलं. रावेर त्याच सुमारास पेशव्यांमार्फत होळकरांकडे. १८१८ मध्ये खानदेश मुंबई इलाख्यात पडला. बऱ्हाणपूर मात्र शिंद्यांकडून इंग्रजांना मिळालं ते १८६० च्या तहाने, आणि निमाड जिल्ह्याबरोबर मध्य प्रांतात गेलं. कुणी लढलं नाही, कुणी मागितलं नाही. दोन कचेऱ्यांची दप्तरं वेगळी होती एवढंच. १९५६ मध्ये तीच रेघ राज्याची शीव म्हणून कायम झाली.

रेघेआधी दोन्ही गावं एकाच धंद्यात होती. इंग्रजी गॅझेटियरमध्ये रावेरची ओळख केळीची नाही. सोन्याच्या तारेची आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती पोलादी पट्टीच्या बारीक बारीक भोकांतून ओढत केसाएवढी करायची, ठोकून चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची. हे कलाबतूचं काम बऱ्हाणपूरच्या किनखाबासाठी होई. तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जाताना पाहून गेला. त्या व्यापारातला एक धागा आपल्या गल्ल्यांतून निघत होता. आज इथं तारकस घराणी शोधायची म्हटली तर कुठून सुरुवात करावी, ते सभागृहातल्या जुन्या मंडळींनीच सांगावं.

अशा रेघेवरच्या जुन्या शहराचं काय होतं, याचा एक परका दाखला घेऊ. जर्मनीत पोलंडच्या हद्दीवर ग्योर्लित्स नावाचं शहर आहे. १९४५ मध्ये नायसे नदी सीमा ठरली आणि शहराचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा काठ पोलंडचा झगोझेलेत्स. युद्धात जुनं गाव जवळजवळ शाबूत राहिलं, पण पूर्व जर्मनीच्या काळात घरं पडायला आली. एकीकरणानंतर दुरुस्ती झाली. १९९५ पासून एक अनामिक दाता दर वर्षी दहा लाख मार्क जुन्या शहरासाठी पाठवत असे. २०१६ पर्यंत पैसे आले, नाव आलं नाही. चार हजारांवर वास्तू तिथं संरक्षित आहेत. युद्धाअखेर उडवलेला नदीवरचा पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. पण माणसं निघून गेली होती. रंगवलेली सुंदर घरं रिकामी, इतकी की नगरपालिकेने लोकांना काही दिवस फुकट राहून बघा म्हणून बोलावलं. सिनेमावाले मात्र खूश.

बऱ्हाणपूरचं नेमकं उलट. घराला डागडुजी नाही, लाकडी सज्जे कलले आहेत, नक्षीच्या खांबाला विजेचा मीटर ठोकला आहे; पण रिकामं घर दाखवा. तळमजल्यावर यंत्रमाग खडखडतो, वर कुटुंब राहतं. दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं तर मी बऱ्हाणपूर निवडेन, त्याच्या धुळीसकट. मात्र तिथं ज्या जुन्या गोष्टीला लागलीच हात द्यायला हवा, ती घरं नव्हेत. ती जमिनीखाली आहे.

कवी रहीम म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो अब्दुर्रहीम खानखाना इथला सुभेदार होता. त्याच्या वेळी, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने कुंडी भंडारा बांधला. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्या-वाळूचा पट्टा आहे, तुमचे भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि आतल्या आत तापीकडे सरकतं. ते भुयाराने वाटेत गाठायचं, भुयाराला बेताचा उतार द्यायचा, आणि ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या खणायच्या, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. शंभरावर कुंड्या आहेत. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या पायांनी शहरात येतं. खानखानाचा कट्टर वैरी मलिक अंबर त्याच सुमारास खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हेच करत होता; रणात एकमेकांची डोकी फोडणारे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेतले निघाले. २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला.

तोच बझाडा रावेर-यावलच्या खालून जातो. बऱ्हाणपूरने चारशे वर्षं फक्त ओघळ प्यायला. आपण केळीसाठी पन्नास वर्षांत बोअर खोल खोल नेत साठा उपसला. तापी मेगा रिचार्जच्या करारावर दोन्ही राज्यांनी २०२५ च्या मे महिन्यात सह्या केल्या, तो याच पट्ट्यात पुराचं पाणी मुरवण्यासाठी. योजना कागदावरून उतरेल तेव्हा उतरेल. तोवर तुमच्या शेतकरी मंडळांनी एक सहल काढावी. मशीद, किल्ला नंतर बघा. आधी कुंडी भंडाऱ्यात उतरा, तिथं खाली जायला लिफ्ट आहे. भिंतीवर जमलेल्या चुन्याचा पांढरा थर बघा, पायाखालचा उतार किती ते बघा, आणि कुंड्यांच्या वरच्या बाजूला डोंगराकडे किती नवे बोअर झाले ते मोजून आणा.