नाळ कुठे जोडली आहे?

बुलढाणा जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी एक प्रश्न रोज ऐकते : "बाळाच्या गळ्यात नाळ तर नाही ना?" चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा असतोच आणि त्यातली बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. खरी काळजी करावी अशी गोष्ट मात्र कुणी विचारत नाही.

नाळेत दोन धमन्या आणि एक नीला असते. त्यांच्याभोवतीचा चिकट गर त्यांना जपतो. नाळ सहसा थेट वारेला जोडलेली असते. क्वचित ती पाणमोटेच्या पडद्याला जोडली जाते आणि रक्तवाहिन्या त्या पडद्यातून उघड्याच वारेकडे जातात. वाटेत त्या गर्भाशयाच्या तोंडावरून गेल्या, तर त्या स्थितीला 'वासा प्रीव्हिया' म्हणतात. साधारण अडीच हजार बाळंतपणांत असे एखादे असते. पाणमोट फुटताना या रक्तवाहिन्या फाटू शकतात. तेव्हा जाणारे रक्त बाळाचे असते आणि तीन किलोच्या बाळात ते असते जेमतेम पाव लिटर. आई ठणठणीत दिसते, पण बाळ काही मिनिटांत दगावू शकते.

आधी कळले तर चित्र पालटते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदान आधी झालेली ९७ टक्के बाळे वाचली. न झालेल्यांतली ४४ टक्केच.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे दिसू शकते. वार खाली असेल, वारेचे दोन भाग असतील, जुळे असेल किंवा टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिला असेल, तर रंगीत डॉपलरने मुद्दाम पाहावे लागते. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. विचारायचे ते हे : नाळ वारेला कुठे जोडली आहे?

निदान पक्के झाले, तर कळा येण्याआधीच, साधारण ३४ ते ३७ आठवड्यांत, ठरवून सिझेरियन करतात. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रक्त जाऊ लागल्यावर निघून भागत नाही. म्हणून आठव्या महिन्यातच बुलढाणा किंवा अकोल्यासारख्या, नवजात बाळाची सोय असलेल्या ठिकाणी मुक्काम हलवावा. सरकारी रुग्णालयात सिझेरियन मोफत होते.

आणखी एक. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि तपासणीची फाइल सासरीच राहते. लेकीच्या पिशवीत साडीचोळीआधी ती फाइल ठेवा. आणि पोटात दुखत नसले तरी रक्त दिसताच १०८ ला फोन करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)