ऋतुचक्राचा शास्त्रीय विचार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु ज्या देहधर्मामुळे आपणां सर्वांचा जन्म संभवला, त्याविषयी सभेत बोलू नये आणि घरातही बोलू नये, तर मुलींनी ते ज्ञान मिळवावे कोठून? छत्तीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही पाहिले की, चांगल्या हुशार मुली दरमहा तीन-चार दिवस गैरहजर राहत आणि कारण सांगितले जाई 'पोटदुखी'. पहिल्या वेळी आपणांस भयंकर रोग जडला, या समजुतीने रडणाऱ्या मुलीही आम्हांस ठाऊक आहेत. हे भय अज्ञानातून उपजते. म्हणून प्रथम वस्तुस्थिती पाहू.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी असते. तिचे स्राव थेट रक्तात मिसळतात. त्यांस संप्रेरके अथवा हार्मोन म्हणतात. पाळीचा पहिला दिवस तोच चक्राचा पहिला दिवस. त्या सुमारास पोषग्रंथीच्या एका संप्रेरकामुळे अंडाशयातील काही बीजकोश वाढू लागतात व त्यांतील बहुधा एकच पूर्ण पक्व होतो. हा वाढता बीजकोश इस्ट्रोजेन निर्माण करतो आणि त्याच्या योगाने गर्भाशयाचे अस्तर पुन्हा जाड होऊ लागते. पेरणीपूर्वी शेतकऱ्याने जमीन तयार करावी, तसाच हा प्रकार. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की पोषग्रंथी दुसरे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात सोडते व सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते.

रिकाम्या बीजकोशाचा पुढे पीतपिंड बनतो. त्यातून निघणारे प्रोजेस्टेरॉन ते अस्तर गर्भ रुजण्यास योग्य करते. गर्भ न राहिल्यास सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, दोन्ही संप्रेरके ओसरतात आणि अस्तर रक्तासह गळून पडते. हीच पाळी. येणाऱ्या बाळासाठी अंथरलेली शय्या, बाळ आले नाही म्हणून निसर्गाने उचलली, एवढाच याचा अर्थ. त्यात विटाळ तो कसला?

बीज बाहेर पडते ते पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी, हे १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो व ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. म्हणजे चक्र लांबते वा आखडते ते मुख्यतः त्याच्या पूर्वार्धात. २८ दिवस ही केवळ सरासरी होय. प्रौढ स्त्रीचे २१ ते ३५ दिवसांचे चक्रही निकोपच समजावे. पहिली दोन-तीन वर्षे मुलींची पाळी ४५ दिवसांपर्यंतही लांबते. तेवढ्यावरून पोरीकडे संशयाने पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मात्र रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, तीन महिने पाळी आली नाही, किंवा वेदनेने अंथरूण धरावे लागले, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टर गाठावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. दरमहा रक्त गमावणाऱ्या मुलीच्या ताटात पालेभाजी, डाळ, उसळ सर्वांच्या शेवटी उरेल तेवढीच पडावी, हा कोणता न्याय?

कित्येक वृद्ध भगिनी म्हणतात, बाजूला बसल्याने बाईला विश्रांती मिळते. विश्रांती अवश्य द्यावी. परंतु ती मायेने द्यावी, ओसरीच्या कोपऱ्यात बसवून नव्हे. विश्रांती देताना तिच्या स्पर्शाचा विटाळ मानण्याचे कारण काय?

आमची विनंती एवढीच : मुलगी नऊ-दहा वर्षांची होताच आईने तिला हे सर्व शांतपणे सांगावे, तारखा टिपून ठेवण्यास शिकवावे, आणि वडिलांनी, भावांनीही ते जाणून घ्यावे. ज्ञातीतील एकही मुलगी या कारणास्तव शाळेला मुकणार नाही, असा निश्चय आज प्रत्येक घराने करावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.