उमेदवाराला उत्तर मिळाले पाहिजे
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



नोकरभरतीचा विचार आपण सामान्यतः मालकाच्या बाजूने करतो. किती जागा भरावयाच्या, पात्रता कोणती हवी, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्याची निवड होत नाही, त्याच्याविषयी निवड करणाऱ्याचे काही कर्तव्य आहे की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज त्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबरच्या हाती असे. गावाकडून आलेल्या माणसाला त्याची मर्जी सांभाळावी लागे, प्रसंगी त्याचे हात ओले करावे लागत. व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेला आळा घालण्यासाठी कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर 1959 च्या अधिनियमाने, काही अपवाद वगळता, 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. मात्र त्या कार्यालयाने पाठविलेल्याच उमेदवारास घ्यावे, असे बंधन त्यात नव्हते.

त्या दशकांत उपनगरांचे रूप पालटले. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाने उभे राहिले. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत वाढली आणि 1973 साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. पुढे अनेक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागी इमारती आणि दुकाने आली. आज अर्ज संगणकावरून जातो आणि पहिली मुलाखत दूरध्वनीवर होते. पद्धत बदलली, परंतु उमेदवाराचे ताटकळणे संपले नाही.

मी स्वतः हा अनुभव घेतला आहे. घाटकोपर-अंधेरी मेट्रो 2014 साली सुरू झाली, त्यापूर्वीची ही गोष्ट. मुलुंडहून दादरला गाडी बदलून मी अंधेरीच्या एका कंपनीत तीन वेळा गेलो. एकदा लेखी परीक्षा, एकदा मुलाखत आणि एकदा केवळ “साहेब आज नाहीत” हे ऐकण्यासाठी. प्रत्येक खेपेस दुकानातील माझा एक दिवसाचा रोज बुडत होता. मूळ प्रमाणपत्रे तपासणीसाठी म्हणून ठेवून घेण्यात आली. त्यानंतर दोन महिने होकार नाही, नकारही नाही. दरम्यान दुसरीकडे बोलावणे आले, तेथे मूळ कागद दाखविता आले नाहीत आणि ती जागा हातची गेली. नकाराचे मला दुःख झाले नसते. एका पत्राअभावी दोन्ही वाटा बंद झाल्या, याचे झाले.

म्हणून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. जाहिरातीत वेतन व निवडीचे टप्पे स्पष्ट असावेत. मूळ प्रमाणपत्रे पाहून त्याच दिवशी परत करावीत. निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल ते सांगावे आणि नकारही लेखी कळवावा. निवड करून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसा घेतला जाऊ नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कर्मचाऱ्यास नियुक्तीपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. निवड झालेल्याला पत्र मिळण्याचा हक्क आहे. निवड न झालेल्याला दोन ओळी पाठविण्यास मोठा खर्च येत नाही.

शिक्षकांनी शेवटच्या वर्गातील मुलामुलींना अर्ज कसा लिहावा, हे शिकवावेच. पण मुलाखतीत आपणही वेतन, कामाचे तास व निर्णयाची तारीख विचारू शकतो, हेही सांगावे. मूळ कागद कोणाकडे ठेवू नयेत आणि द्यावेच लागले तर पोच घ्यावी, ही सवय लावावी.

पंचायत सदस्यहो, आपणही मालक आहात. गावचा शिपाई किंवा पाणीपुरवठ्याचा कर्मचारी नेमताना आलेल्या प्रत्येक अर्जाला आपण उत्तर देतो काय? शाळा व कार्यालये देतात काय? कंपन्यांकडून जी अपेक्षा आपण करतो, तिची सुरुवात आपल्या दप्तरापासून झाली, तर ती मागण्याचा अधिकारही आपल्याला लाभेल.